आमचंच सांडलेलं

भर दुपारी बारा वाजता मी माझ्या दुकानात अंधार करतो. गाडी आत घ्यायची, बॉनेट उघडायचं, जाड काळी ताडपत्री माझ्या पाठीवरून खाली येईल अशी ओढून घ्यायची, डोळ्यांवर पिवळा चष्मा चढवायचा आणि हातातला जांभळा दिवा लावायचा. बाहेर खारी गावाच्या रस्त्यावर रिक्षावाले हॉर्न वाजवत असतात, शेजारचा झेरॉक्सवाला कोणाशी तरी हिंदीत हुज्जत घालत असतो. ताडपत्रीच्या आत ते सगळं लांब जातं. इंजिनची धग, तेलाचा वास आणि जांभळा उजेड एवढंच उरतं. त्या उजेडात धूळ निळसर दिसते, माझ्या शर्टाच्या शिवणीत राहिलेली साबणाची पावडर चमकते, आणि कधीतरी नळ्यांच्या गर्दीत, अगदी खोल, एक हिरवा ठिपका दिसतो. तिथून गॅस जातोय, असं समजायचं.

तो हिरवा ठिपका शोधण्यात माझी तीस वर्षं गेली. गाडीच्या एसीची गळती शोधणं हा माझा धंदा. आमच्या वाचनालयाच्या बाईंनी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, यात लिहिण्यासारखं काय आहे? मी दिवसभर ताडपत्रीखाली असतो." त्या म्हणाल्या, "तेच लिहा." म्हणून लिहितोय. यातली एक गोष्ट अशी आहे की ती लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. पण तिच्याकडे जरा सावकाश जाऊ या.

गिऱ्हाईक येतं ते एकच वाक्य घेऊन येतं. "गॅस संपलाय, भरून द्या." मराठीत, हिंदीत, गुजरातीत, वाक्य तेच. मी दरवेळी सांगतो, गॅस संपत नाही, गॅस जातो. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरतो, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि परत आत येतो. नळ्या घट्ट असतील तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो. घरच्या फ्रिजमध्ये कोणी दर उन्हाळ्यात गॅस भरतं का? मग गाडीत का भरायचा? पण गाडी खड्ड्यांतून जाते, नळ्या हलतात, सांध्यातल्या रबरी रिंगा कडक होतात, पुढच्या जाळीवर दगड उडतो. केसापेक्षा बारीक भोक पडतं. त्या भोकातून दिवसरात्र काहीतरी निघून जात असतं, आणि ते दिसत नाही, त्याला वास नाही, आवाजही बहुतेक वेळा नाही.

सुरुवातीला माझ्याकडे दिवा नव्हता. साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावायचं आणि फुगा येतो का ते बघत बसायचं. एकेका सांध्याशी मी पाच-पाच मिनिटं तोंड घालून बसायचो. बायको म्हणायची, एवढं लक्ष देऊन माझं एक वाक्य तरी ऐकलंत का कधी. आता तेलात मिसळायचं एक रंगीत औषध मिळतं. ते गॅसबरोबर फिरतं, गळतीच्या जागी बाहेर येतं आणि जांभळ्या दिव्यात हिरवं पेटतं. काम सोपं झालं, पण वाट बघणं काही सुटलं नाही. नळ्यांमधली हवा काढणारा पंप तासभर गुणगुणत असतो. त्या आवाजात माणसाला गुंगी येते. मोठमोठे तावातावाने आलेले लोक माझ्या बाकड्यावर भिंतीला डोकं टेकून झोपलेले मी पाहिलेत. काम झाल्यावर गार हवा तपासायला गिऱ्हाइकाला गाडीत बसवलं तर ते तिथेही झोपतं. शांती नगरातला एक विमा एजंट तर एसी चांगला असतानाही महिन्यातून एकदा यायचा. "दत्ताभाऊ, एकदा बघून घ्या," म्हणायचा आणि मी बघायच्या आत घोरायला लागायचा. घरी सहा माणसं आणि दोन खोल्या. मी त्याला अर्धा तास झोपू द्यायचो आणि मग काचेवर टकटक करून सांगायचो, "एकदम ओके आहे."

खारीतलेच एक पाटीलबाबा होते. मिठागरांच्या काळापासूनचं घराणं, जमिनीवर इमारत उभी राहिली तेव्हा घरात गाडी आली. सहा महिन्यांत एसी बंद. दारात येऊन मला म्हणाले, "गाडी नवी हाय, मंग थंड का येत न्हाय? तू बग." मी बॉनेटखाली सगळं पाहिलं, कुठे काही नाही. मग गाडीखाली झोपलो. एसी चालू असताना डॅशबोर्डामागच्या जाळीवर जे पाणी जमतं ते एका नळीतून खाली टपकतं, ते तुम्ही पाहिलं असेल. दिव्यात ते थेंब हिरवे होते. म्हणजे आतली जाळीच गळत होती. पाटीलबाबा धोतर सावरून माझ्या शेजारी जमिनीवर आडवे झाले आणि ते हिरवे थेंब बघत राहिले. मग म्हणाले, "क देखना हाय रं! गलू दे थोरं."

जाळी बाहेर काढली तर तिच्यावर पांढरी खरवड चढलेली. मी विचारलं, पुढच्या सीटच्या पायाशी काय ठेवता? उत्तनच्या बंदरावरून ते दर दोन दिवसांनी बोंबील, मांदेली आणायचे आणि लेकींच्या घरी पोचवायचे. बर्फाचं खारं पाणी मॅटखाली, काचा बंद, आणि तीच खारट हवा आत फिरत राहिलेली. मिठाने जाळी खाल्ली. मी म्हटलं, मासळी डिकीत ठेवा. त्यांना ते पटलं नाही. लेकींसाठीची मासळी डिकीत कशी टाकायची, म्हणाले. शेवटी झाकणाचा डबा घ्यायचं कबूल केलं.

जेसल पार्कमधल्या कर्णिकांची गोष्ट अगदी उलटी. मुंबईत नोकरी झाली, निवृत्तीनंतर इकडे आले. त्यांच्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक चार वर्षांनी सुद्धा निघालं नव्हतं. काहीच झिजलेलं नाही, कुठे ओरखडा नाही, आणि गॅस पार गेलेला. मी विचारलं, एसी किती वेळा लावता? म्हणाले, "पाहुणे आले की."

"आणि पाहुणे किती वेळा येतात?"

"शेवटचे दोन वर्षांपूर्वी आले होते."

एसीचा कॉम्प्रेसर फिरला नाही तर त्याच्या आतलं तेल हलत नाही, दांड्यापाशी असलेली रबरी चकती कोरडी पडते आणि तिथून गॅस निघून जातो. वापरलं नाही म्हणून बिघडतं, हे त्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागला. आयुष्यभर त्यांनी चांगल्या वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. मी आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावायचं पथ्य सांगितलं. आता दर रविवारी अकरा वाजता कर्णिक एसी लावून चार चकरा मारतात, आणि कर्णिकबाई चांगली साडी नेसून मागच्या सीटवर पाहुण्यासारख्या बसतात.

अशा गोष्टी सांगताना मला मजा येते. लोक हसतात, मीही हसतो आणि आपण किती हुशार आहोत असं मला वाटायला लागतं. आता ती दुसरी गोष्ट सांगतो.

शांती नगरातले मोहिते माझ्याकडे आले ते मार्च संपत आला होता तेव्हा. त्यांनी गॅस भरून द्या असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "दत्ताभाऊ, तीन ठिकाणी गॅस भरला. पंधरा दिवसांत जातो. मला गॅस नको, मला गळती शोधून पाहिजे." असं बोलणारं गिऱ्हाईक मला आवडतं. मग त्यांनी कारण सांगितलं.

त्यांची मोठी मुलगी नीलम सहा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली आणि मानेच्या मणक्याला लागलं. चाकाच्या खुर्चीत असते. हात खांद्यापासून थोडे हलतात, बोटं नाही. हे कळल्यावर आपण हळहळतो, पण एक गोष्ट मला माहीतच नव्हती. मानेखाली तिला घाम येत नाही. घाम आला नाही की अंग स्वतःला गार करू शकत नाही. आपण उन्हात वैतागतो, तिचा ताप चढत जातो, आणि फार चढला तर जिवावर बेततं. गाडीत तिला धरून ठेवणारी खास सीट बसवून घेतली होती, त्यामुळे दुसरी गाडीही चालत नव्हती. आणि मे महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं, तृप्तीचं, लग्न होतं. दापोलीजवळ, दोन्ही घरांचं गाव तिकडचंच. नीलम करवली होती. बहिणीच्या मागे दिवा घेऊन मीच असणार, हे तिने तृप्ती आठ वर्षांची असताना ठरवून टाकलं होतं म्हणे.

मी म्हटलं, "मोहितेसाहेब, गाडी ठेवून जा. करवली लग्नाला पोचणार."

हे वाक्य मी बोललो. कोणी बोलायला लावलं नव्हतं.

गळती मला दुसऱ्या दिवशी सापडली. पुढच्या जाळीच्या कोपऱ्यात, पट्टीच्या मागे, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी हिरवी रेघ होती. तीन जणांना सापडली नव्हती, मला सापडली. जाळी बदलली. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून गेज लावून ठेवलं. गेज म्हणजे दाब दाखवणाऱ्या दोन तबकड्या. त्यांची नळी गॅस भरायच्या तोंडावर चढवायची, की आतला दाब दिसतो. काटा रात्रभर हलला नाही तर गळती नाही, हा आमचा साधा नियम. काटा हलला नाही. गॅस भरला, गार हवा अशी आली की माझ्याच अंगावर काटा आला.

मोहित्यांना मी आठ दिवसांनी परत यायला सांगितलं. आले. गेज लावलं, काटा जरा खाली वाटला. सकाळची थंड वेळ, म्हणून असेल. थोडा गॅस घातला. परत आठ दिवसांनी बोलावलं, परत गेज लावलं. ताडपत्री घेऊन दिवाही फिरवला. कुठेच काही नाही. गॅस भरायच्या तोंडापाशी तेवढं हिरवं दिसलं, ते मी फडक्याने पुसलं.

ते का पुसलं, हे सांगायला हवं. सायकलच्या ट्यूबला असते तशी त्या तोंडात एक पिन असते. गेजची नळी चढवली की पिन आत दाबली जाते, काढली की स्प्रिंगने वर येऊन तोंड बंद होतं. नळी काढताना तेलाचा एखादा थेंब उडतोच. त्यामुळे दिव्यात ती जागा नेहमी हिरवी दिसते. आमच्या धंद्यात त्याला कोणी गळती म्हणत नाही. "ते आमचंच सांडलेलं," असं म्हणतो आणि पुसून टाकतो. माझ्या उस्तादाने मला असंच शिकवलं, आणि मी पुसत आलो.

निघायच्या दिवशी सकाळी सहा वाजता मी आपणहून शांती नगरात गेलो. बोलावलं नव्हतं. पण मनात आलं, एवढा मोठा प्रवास, एकदा शेवटचं बघून घेऊ. नीलम मागच्या सीटवर बसली होती. केसांत अबोली, मांडीवर मेंदी लावलेले हात. मी बॉनेट उघडलं, गेज लावलं, काटा जागेवर. नळी काढली, फुस्स झालं, फडक्याने पुसलं, बॉनेट लावलं. तिला अंगठा दाखवला. ती म्हणाली, "काका, तुम्ही पण यायचं होतं ना लग्नाला!" मी चालत घरी आलो तेव्हा मी किती खूष होतो हे आठवलं की आजही लाज वाटते.

साडेअकराला मोहित्यांचा फोन आला. "दत्ताभाऊ, थंड येत नाहीये." ते माणगावच्या कोंडीत उभे होते. पुढे मागे ट्रक, वर मे महिन्याचं ऊन. बाकीचे सगळे आदल्या दिवशीच पुढे गेलेले. मी फोनवर नाही नाही ते सांगत होतो. बंद करून परत लावा. पुढच्या जाळीवर पाणी मारा. काचा उघडा. त्यातल्या कशाने काही होणार नाही हे मला बोलतानाच कळत होतं. मागून नीलमचा आवाज येत होता, "बाबा, घाबरू नका, मी बरी आहे," आणि प्रत्येक वेळी तो आवाज जरा जड होत होता.

एका शीतपेयाच्या टपरीवाल्याने बर्फाची लादी फोडून दिली. ओले टॉवेल घातले, अनोळखी माणसांनी उतरून ट्रक मागे घेतले आणि वाट काढून दिली. माणगावातल्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. जीव वाचला. पण डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या दिवशीही, सोडलं नाही. पहाटे तिची मावशी येऊन तिच्याजवळ बसली, म्हणून मोहिते कसेबसे मुहूर्ताला पोचले. नीलमने लग्न फोनवर पाहिलं. रेंज जात होती. अक्षता पडताना चित्र थांबलं ते थांबलंच.

चार दिवसांनी मोहिते गाडी घेऊन माझ्या दारात आले. दुसऱ्या मेकॅनिककडून गॅस भरून घेऊन, कशीबशी आणलेली. मला वाटत होतं, त्यांनी बोलावं, शिव्या घालाव्यात, निदान आवाज चढवावा. ते फक्त म्हणाले, "नीलमला यायचंय. ती म्हणते, मला बघायचंय कुठून जातो ते."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आली, ऊन चढायच्या आत. मानेला ओला पंचा, समोर मी टेबलफॅन लावला. खुर्ची बॉनेटजवळ घेतली आणि ताडपत्री आम्हा दोघांवर ओढली. तिच्या डोळ्यांवर मी माझा जास्तीचा पिवळा चष्मा चढवला. मोहिते बाहेर बाकड्यावर बसले.

दिवा लावला तशी ती मान वळवून सगळीकडे बघायला लागली. मग म्हणाली, "अय्या, काका, तुम्ही रोज इथे राहता?"

"रोज."

"छान आहे. कोणी हाक मारू शकत नाही."

मी एकेक जागा दाखवत होतो. हा कॉम्प्रेसर, ही नवीन जाळी, हे सांधे. सगळं कोरडं. मला खरंच काही सुचत नव्हतं, नवी जाळी पुन्हा काढावी का असा विचार करत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि ते काय आहे?"

तिला बोट दाखवता येत नाही. तिने हनुवटी पुढे केली. गॅस भरायच्या तोंडाभोवती हिरवं कडं होतं.

"ते काही नाही. ते आमचंच सांडलेलं. गेज काढताना उडतं." आणि मी सवयीने फडकं उचललं.

"दरवेळी तिथेच उडतं?"

"हो."

"मग ते सांडलेलं की गेलेलं, हे तुम्हाला कसं कळतं?"

फडकं माझ्या हातात राहिलं. तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कळत नाही."

"मग पुसा, आणि आता हात लावू नका. गेज नको, काही नको. इंजिन चालू ठेवा. बघत बसू."

मी पुसलं. इंजिन चालू केलं. आम्ही दोघं त्या जांभळ्या अंधारात बसून राहिलो. पंख्याचा वारा ताडपत्री हलवत होता, ती आत-बाहेर होत होती. नीलम मला तृप्तीबद्दल सांगत होती, लहानपणी दोघी गच्चीवर लग्न-लग्न खेळायच्या, निरांजन म्हणून पेल्यात मेणबत्ती लावायच्या. मला मध्येच वाटलं की आपण इथे किती वेळ बसलोय ते आपल्याला माहीत नाही, आणि बाहेर कदाचित दुसरंच वर्ष असेल. इंजिन तापलं. आणि त्या पुसलेल्या, कोरड्या, काळ्या जागेवर एक हिरवा थेंब आला. टाचणीच्या डोक्याएवढा. मग जरा मोठा झाला. त्याला कोणी हात लावला नव्हता.

पिन गळत होती. इंजिन तापलं की, एवढीशी. आणि गेज लावलं की नळी त्या तोंडावर घट्ट बसायची, म्हणून काटा जागेवर राहायचा. आम्ही बघत असू तेव्हा गळती बंद, आम्ही गेज काढून निघालो की चालू. आधीच्या तिघांनीही ती पिन दाबून दाबून सैल केलेली, मी आठ-आठ दिवसांनी दाबून आणखी सैल केली, आणि त्या सकाळी सहा वाजता, न बोलावता जाऊन, शेवटची दाबली. तेव्हा ती नीट वर आलीच नाही. कदाचित कचऱ्याचा कण अडकला असेल. मी गेलो नसतो तर नीलम कदाचित दापोलीला पोचली असती.

मी तिला ते सगळं तसंच सांगितलं. लपवता आलं असतं, ताडपत्रीखाली आम्ही दोघंच होतो, आणि तिला यातलं काय कळणार होतं? पण तिच्यामुळेच सापडलं होतं. मी म्हटलं, "नीलम, माझ्या हाताने गेलं ते. माझ्यामुळे तुझं करवली होणं चुकलं."

ती त्या थेंबाकडे बघत होती. म्हणाली, "मला तुमचा राग यायला पाहिजे काका. येतोय. थोडा थोडा येतोय."

"येऊ दे," मी म्हटलं. मला रडू आलं. पिवळ्या चष्म्यामुळे ते तिला दिसलं नसावं, किंवा दिसलंही असेल.

नवी पिन तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असते. ती बसवायला मला चार मिनिटं लागली. वर रबरी वायसर असलेलं नवं टोपण घट्ट लावलं. मग बाहेर येऊन मोहित्यांनाही सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आता ठीक आहे ना?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि ते मला म्हणवेना. माझ्याऐवजी नीलमनेच उत्तर दिलं. "ठीक आहे की नाही ते तृप्तीकडे जाऊन बघू. काका पण येतील. आणि काका, गेज घरी ठेवायचं."

पावसाळ्यात तिला प्रवास झेपत नाही. म्हणून आम्ही ऑक्टोबरात निघालो, ऊन चांगलंच तापलेलं असताना. मी पुढे मोहित्यांच्या शेजारी. हात रिकामे. तीस वर्षांत मी दुरुस्त केलेल्या गाडीत बसून कधी लांब गेलो नव्हतो, फार तर गल्लीच्या टोकापर्यंत. गार हवा सतत येत राहते आणि आपण नुसतं बसायचं, हे मला जमेना. सारखा डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीसमोर हात धरत होतो. माणगाव आलं. टपरी दिसली, तिच्यासमोर ऊन उभं होतं. गाडी थांबली, सरकली, परत थांबली. माझा हात जाळीवरच. मागून आवाज आला, "काका, हात काढा. तुमच्या हाताला गार करायला नाही आलो आपण." मोहिते हसले. माणगाव गेलं.

पुढे मंडणगडच्या चढणीला नीलम झोपली. काचेबाहेर गवत पिवळं पडत होतं, लांबवर खाडीचं पाणी दिसायचं आणि जायचं, आणि काचेच्या आत काही आवाज नव्हता. मला वाटलं, आपण रस्त्याने जात नसून कोणाच्या तरी झोपेतून जातोय. मग मलाही डोळा लागला. धंद्यात पहिल्यांदाच मी काम चालू असताना झोपलो.

तृप्तीच्या सासरच्या अंगणात आंब्याखाली गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. बाहेर दुपारचे दोन वाजले होते, दार फार वेळ उघडं ठेवायची सोय नव्हती. तृप्ती घरातून बाहेर आली ती लग्नातला शालू नेसून, कपाळाला मुंडावळ्या बांधून. भर दुपारी, घामाघूम. शेजारची मुलं खिडकीतून बघत होती. नीलम काचेतून ओरडली, "काय गं हे?"

तृप्तीने दार उघडलं, मोहित्यांना खाली उतरायला सांगितलं. मी पण उतरायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही नाही, काका. तुम्ही स्टिअरिंगवर बसा, एसी बघा." मग ती पुढच्या सीटवर, नीलमच्या बरोबर पुढे बसली. दार लावलं. मागे वळून तिने नीलमच्या मांडीवर एक तबक ठेवलं, तिची दोन्ही मनगटं तबकाच्या दोन बाजूंना टेकवली आणि मधलं निरांजन पेटवलं. मग पाठ करून सरळ बसली, नवरी बसते तशी, मान खाली घालून.

मागच्या जाळीतून वारा येत होता. ज्योत आडवी झाली, विझते की काय असं वाटलं.

"काका," नीलम हळूच म्हणाली, "ब्लोअर."

मी बटण चारवरून तीनवर आणलं. मग दोनवर. मग एकावर. आरशात ज्योत सरळ झालेली दिसली. बाहेर अंगणात मोहिते उन्हात उभे होते, हात जोडून, आणि त्यांचे व्याही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. मी मागे वळलो नाही. बटणावर बोट ठेवून समोरच्या काचेतून बघत बसलो, कारण करवली दिवा धरून असताना मध्ये हलायचं नसतं.